लघवी तर बरोबर होते ना!

(प्रस्तावना)

बुलढाण्याहून राजूर घाट उतरलं की हवा, पीक आणि पाणी, तिन्ही बदलतात. इथली माणसं जिल्ह्याचे दोन भाग धरतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड घाटाखालचं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेलं. दख्खनमधून खानदेश-वऱ्हाडात उतरणारी वाट या बाजूनं जायची, म्हणून १४३७ मध्ये बहमनी आणि खानदेशच्या फौजा इथे भिडल्या. पुढे दीडशे वर्षांनी अहमदनगरच्या गादीच्या भांडणाचा निकालही याच परिसरात लागला. १५८२ सालची खुदावंतखानाची मशीद त्या काळाची साक्ष देत गावात उभी आहे. मूत्रपिंडाच्या आजाराची ओळख करून देताना हा भूगोल आधी सांगण्याला कारण आहे. फौजांना जी जागा मोक्याची वाटली, तीच पाण्याच्या दृष्टीनंही सीमेवरची आहे. मागे डोंगराचा काळा पाषाण, आणि समोर उत्तरेला उतरत गेलं की पूर्णा नदीचं गाळाचं सपाट खोरं. त्या खोऱ्यात विहीर खणली की बहुतेक ठिकाणी लागतं ते खारं पाणी.

तो खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेली जवळपास नऊशे गावं त्यात येतात. बुलढाण्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या बाजूंची नावं प्रामुख्यानं घेतली जातात. पिढ्यान् पिढ्या तिथल्या माणसांनी हेच पाणी प्यायलं, त्यातच डाळ शिजत नाही म्हणून हळहळ केली, पाहुण्यांसाठी लांबून गोड पाण्याचा हंडा आणला. वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूरसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली ती याच दुःखातून. आणि याच तालुक्यांतून गेली कितीतरी वर्षं मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांच्या बातम्या येत आहेत. त्यात म्हातारी माणसं आहेत, तशी कर्ती माणसंही आहेत.

हे सगळं खाऱ्या पाण्यानं होतं का? गावात विचारलं तर उत्तर तयार असतं. विज्ञानाचं उत्तर इतकं सरळ नाही. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम भाग आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत इथेही शेतात राबणाऱ्या, भूजल पिणाऱ्या माणसांत असाच आजार मोठ्या प्रमाणावर दिसला. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंडं गेलेली. पाणी, कीटकनाशकं, जड धातू, उन्हातलं कष्टाचं काम आणि त्यातून वारंवार होणारी शरीरातल्या पाण्याची तूट, अशा सगळ्यांवर संशय घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास झाले. एकच एक गुन्हेगार अजून पकडला गेलेला नाही. पाणी स्वच्छ आणि गोड मिळालंच पाहिजे, तो माणसाचा हक्क आहे, त्यासाठी आजार सिद्ध होण्याची वाट पाहायची गरज नाही. पण सगळा दोष पाण्यावर टाकून मोकळं होण्यात एक मोठा धोका आहे, आणि हे लेखन त्या धोक्यासाठी आहे.

पट्ट्यातला माणूस म्हणतो, पाण्यानंच झालं, आता आपल्या हातात काय? आणि पट्ट्याबाहेरचा, रोहिणखेडसारख्या पायथ्याच्या गावातला माणूस म्हणतो, आमचं पाणी गोड, आम्हाला काय होणार? दोघंही तपासणीला जात नाहीत. भारतात मूत्रपिंड कायमचं निकामी होण्याची सगळ्यांत मोठी कारणं मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. त्यांना पूर्णेचा काठ आणि घाटाचा पायथा सारखाच.

आता आजाराच्या स्वभावाकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. निसर्गानं इथे सढळ हातानं दिलं आहे. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस दुसऱ्याच्या जोरावर चांगलं आयुष्य जगतो. पण ही उदारताच आजारात घात करते. काही गाळण्या मेल्या की उरलेल्या जास्त काम ओढतात, माणसाला काहीच जाणवत नाही, आणि जास्त ओढल्यामुळे त्याही लवकर झिजतात. अर्ध्याहून अधिक शक्ती संपेपर्यंत बहुतेकांना एकही तक्रार नसते. म्हणून ज्याला आपण लक्षण म्हणतो ते पुष्कळदा उशिराचं लक्षण असतं. हे ऐकून कुणी घाबरू नये, पण कुणी निर्धास्तही राहू नये.

“लघवी तर बरोबर होते ना!” मूत्रपिंडाचं नाव काढलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. लघवी होते आहे म्हणजे मूत्रपिंड चांगलं, हा समज खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मूत्रपिंड अगदी शेवटाला येईपर्यंत लघवी भरपूर होऊ शकते. फरक पडतो तो तिच्या गुणात. निरोगी मूत्रपिंड रात्री पाणी राखून लघवी दाट करतं, म्हणून आपण सलग झोपतो. ती ताकद कमी झाली की रात्रीत दोन-तीनदा उठावं लागतं, आणि लघवी पाण्यासारखी फिकी असते. वय झालं, थंडी आहे, शुगर आहे, पुरुषांत प्रोस्टेट वाढली आहे, अशी दुसरीही कारणं असतात हे खरं. पण आधी नव्हतं आणि आता रोज होतं, एवढा बदलसुद्धा सांगण्याजोगा आहे.

लघवीतला फेस हे त्याहून महत्त्वाचं. जोरात धार पडली की थोडे बुडबुडे येतात आणि विरतात, त्याची काळजी नको. पण फेस दाट असेल, पाणी टाकल्यावरही जात नसेल आणि रोज दिसत असेल, तर लघवीवाटे प्रथिनं जात असण्याची शक्यता असते. १८२७ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरनं अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. मृत्यूनंतर त्याच रुग्णांची मूत्रपिंडं त्यानं तपासली तेव्हा ती बिघडलेली निघाली. सूज, लघवीतली प्रथिनं आणि मूत्रपिंड यांचं नातं पहिल्यांदा असं स्पष्ट जुळलं. आज तीच गोष्ट लघवीत बुडवायची एक पट्टी काही रुपयांत आणि दोन मिनिटांत सांगते. इतकी स्वस्त, इतकी बोलकी तपासणी, आणि तरी मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या कितीतरी माणसांची लघवी एकदाही तपासलेली नसते. या विषयात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

सूज ही खूण बायकांना लवकर कळते. जोडवी रुतायला लागतात, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो, नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगवटा दिसतो आणि दुपारपर्यंत ओसरतो. पण घरातलं उत्तर असतं, “दिवसभर उभी राहते, पाय सुजनच.” तीच गत थकव्याची. मूत्रपिंड केवळ गाळत नाही, रक्त तयार करायला हाडातल्या मज्जेला सांगणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरकही बनवतं. ते कमी झालं की रक्त कमी होतं, चढ चढताना धाप लागते, चेहरा पांढुरका पडतो. आपल्याकडे बाईचं रक्त कमी असणं इतकं नेहमीचं झालं आहे की लोहाच्या गोळ्या देऊन विषय मिटतो. महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर निदान एकदा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं गाळून टाकायचं रक्तातलं टाकाऊ द्रव्य, पाहायला हवं. अन्नावरची वासना उडणं, सकाळी मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, पुरळ नसताना अंगाला खाज, ही त्यापुढची पायरी. त्यावर महिनाभर पित्ताचं औषध घेतलेली माणसं सगळीकडे सापडतात.

एक खूण मात्र अशी आहे की ती आनंदाची बातमी म्हणून घरात येते. वर्षानुवर्षं शुगर काबूत नसलेल्या माणसाची शुगर अचानक उतरायला लागते. गोळी तीच, इन्सुलिन तेवढंच, जेवणातही फार बदल नाही, तरी सकाळी घाम फुटतो, हातपाय थरथरतात. घरचे म्हणतात, बरं झालं, आजार हटला. शरीरात गेलेलं इन्सुलिन आणि काही गोळ्या बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडही करत असतं. ते मंदावलं की औषध अंगात जास्त वेळ टिकतं आणि शुगर खाली येते. अशा वेळी स्वतःच्या मनानं गोळी बंद करून स्वस्थ बसू नये. शुगर का उतरली याचा शोध त्याच आठवड्यात घ्यावा.

आणि मग दुखण्याच्या गोळ्या. कपाशीची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, डवरणी, दिवसभर वाकून केलेलं काम. संध्याकाळी कंबर धरते, सकाळी परत रोजावर जायचं असतं, आणि मजुरी बुडवणं परवडत नाही. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइडची गोळी घेतली की काम भागतं. कधी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन मारून घेतलं जातं. या माणसांना बोल लावण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण शरीरात काय होतं ते त्यांना सांगितलं गेलं पाहिजे. ही औषधं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह राखणारी रसायनं अडवतात. अधूनमधून घेतलेली एखादी गोळी निरोगी माणूस सोसतो. उन्हाळ्यात घाटाखाली पारा चाळिशीच्या वर गेलेला, अंगातलं पाणी घामानं गेलेलं, लघवी पिवळीधमक झालेली, आणि त्यावर ही गोळी रोजच्या रोज, तर मूत्रपिंडावर दोन्ही बाजूंनी घाव बसतो. त्यात आधीच बीपी किंवा शुगर असेल तर धोका आणखी वाढतो.

गिधाडं आपल्या आभाळातून का गेली हे इथे आठवावं. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाल्ल्यानं त्यांची मूत्रपिंडं बंद पडत होती, हे २००४ च्या सुमारास सिद्ध झालं, आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणूस या औषधाला गिधाडाइतका नाजूक नाही, पण औषध तेच आहे. दुखणं अंगावर काढा असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारून ठरलेल्या प्रमाणात घेतलेली पॅरासिटामॉल बहुतेकांना जास्त सुरक्षित असते, एवढी माहितीही अजून बांधापर्यंत पोचलेली नाही. गावोगाव पुड्यांतून मिळणारी, आत काय आहे ते न लिहिलेली सांधेदुखीची औषधं आणि भस्मंही याच चिंतेत धरावीत. त्यांत जड धातू किंवा स्टिरॉइड असण्याचे प्रकार आढळलेले आहेत.

कंबर दुखली की “किडनी दुखते” म्हणून सोनोग्राफी करणारे पुष्कळ. बहुतांश कंबरदुखी स्नायूंची आणि मणक्याची असते, आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं तेव्हा ते दुखत नाही. दुखतो तो मुतखडा. कुशीतून जांघेकडे कळ येते, माणूस लोळतो, लघवीत रक्त दिसतं. कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असं नाही. तो नळीत अडकून राहिला तर वरचं मूत्रपिंड फुगत जातं आणि पुन्हा दुखलं नाही तरी आतून वाया जातं. मुतखड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर ती रात्र घरी काढू नये. खडे होणाऱ्या माणसानं दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं हा सल्ला योग्यच आहे, पण तो सगळ्यांना लावू नये. अंगावर सूज आहे, मूत्रपिंड बरंच निकामी झालं आहे, अशा माणसाला कुणीतरी प्रेमानं सांगतं, भरपूर पाणी पी, नारळपाणी पी, किडनी धुऊन निघेल. ते पाणी फुप्फुसात साठू शकतं, आणि नारळपाण्यातलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं.

अचानक येणारं संकट वेगळं असतं आणि शेतकरी घरानं ते नीट ओळखायला हवं. घोणस चावली तर तिचं विष मूत्रपिंड बंद पाडू शकतं. दंश झाल्यावर लघवी कमी होणं, लालसर किंवा काळपट होणं ही धोक्याची खूण आहे. मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास मूत्रपिंडाच्या खात्यातून जातो. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलेलं मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही तर तेही तातडीचं. लहान मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, किंवा घसा दुखून अथवा अंगावर फोड येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याची लघवी आणि बीपी दोन्ही तपासावं. हो, मुलांचंही बीपी मोजतात. गरोदर बाईच्या चेहऱ्या-हातांवरची सूज, डोकेदुखी आणि वाढलेलं बीपी यांत आई आणि बाळ दोघांचा जीव गुंतलेला असतो. आजोबांची लघवीची धार बारीक झाली, थेंब थेंब होते, ओटीपोट फुगलं, आणि लाजेनं ते कुणाला सांगत नाहीत, अशा वेळी नळी घालून अडलेली लघवी मोकळी केली तर मूत्रपिंडं पुष्कळदा सावरतात. मूत्रपिंड वाचवण्याचे जे मोजके झटपट उपाय आहेत, त्यांतला हा एक, आणि तो संकोचापायी हुकतो.

बाकीच्यांनी लक्षणांची वाट पाहूच नये. मधुमेह, बीपी, मुतखडा, घरात कुणाचं मूत्रपिंड गेलेलं, वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या, किंवा खारपाणपट्ट्यातलं वास्तव्य, यांपैकी एकही गोष्ट असेल तर वर्षातून एकदा बीपी, लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं. क्रिएटिनिनच्या आकड्यावर मात्र आंधळा भरवसा नको. अहवालात १.२ आलं आणि समोर ‘नॉर्मल’ छापलेलं दिसलं की घरी सुटकेचा श्वास टाकला जातो. पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या बाबतीत १.२ म्हणजे गाळण्याचा वेग ८५ च्या आसपास, ठीकच. सत्तर वर्षांच्या आजीच्या बाबतीत त्याच १.२ चा अर्थ ५० च्या खाली, म्हणजे आजार. तीन महिन्यांहून जास्त काळ हा वेग ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानतात, आणि १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो. म्हणून अहवालावर हा वेग, म्हणजे ईजीएफआर, लिहून मागावा. तो काढायला वेगळं रक्त लागत नाही, वय आणि लिंग माहीत असलं की पुरतं.

लवकर कळून उपयोग काय, हा प्रश्न पंधरा-वीस वर्षांपूर्वी थोडा अवघड होता. आज तसा नाही. बीपी नीट राखणं, लघवीतली प्रथिनं कमी करणाऱ्या टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारख्या गोळ्या, आणि मधुमेहासाठी आलेली पण मूत्रपिंडही जपणारी डापाग्लिफ्लोझिन, यांनी आजाराची चाल कितीतरी मंदावते. २०२० मध्ये तिचं पेटंट संपल्यावर ती भारतात पुष्कळ स्वस्त झाली. ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. पण ती वेळेवर सुरू झाली तर डायलिसिस कित्येक वर्षं पुढे ढकलता येतं, काहींना त्याची गरजच पडत नाही. १९७५ मध्ये आणीबाणीतल्या स्थानबद्धतेत जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं गेलं. पुढची जवळजवळ चार वर्षं ते डायलिसिसवर जगले आणि त्या अवस्थेतही देशाचं राजकारण त्यांनी हलवलं. डायलिसिस माणसाला जगवतं. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत आला आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही हा उपचार मिळतो. पण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास, त्यात एसटीचा प्रवास, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, हे सगळं आयुष्यभर. घाटाखालच्या एखाद्या गावातून हे निभावणाऱ्या घरांना ते काय आहे हे सांगावं लागत नाही.

मागे, जानेवारी २०२५ मध्ये, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस भराभर गळू लागले. देशभरातले कॅमेरे आणि तपासणी पथकं तिथे पोचली. ते योग्यच झालं. केस गळलेले सर्वांना दिसतात. गाळण्या गळाल्या तर त्या पाहणारं घरातलंच कुणी असावं लागतं, आणि पुढची पानं त्या माणसासाठी, तसंच दारोदार फिरणाऱ्या आशाताईंसाठी आहेत.

एक काम तर आजपासून करता येईल. प्रत्येक रक्ताचा, लघवीचा, सोनोग्राफीचा कागद तारीख दिसेल असा एका पिशवीत ठेवावा, पंढरपूरला किंवा पोराकडे पुण्याला गेलात तरी बरोबर न्यावा. एखाद्या रात्री धाप लागलेल्या माणसाला घेऊन तुम्ही अकोल्याला किंवा बुलढाण्याला पोचता आणि क्रिएटिनिन सहा येतं, तेव्हा डॉक्टर पहिलं विचारतात, जुना रिपोर्ट आहे का? चार महिन्यांपूर्वीचा, क्रिएटिनिन एक असलेला कागद पिशवीतून निघाला, तर ते अचानक आलेलं संकट ठरतं आणि मूत्रपिंड परत मिळवण्यासाठी कारणाचा शोध त्याच रात्री सुरू होतो. दोन वर्षांपूर्वीचा तीनचा निघाला, तर वाट वेगळी, तयारी वेगळी. आणि काहीच निघालं नाही, तर पहिले मोलाचे दिवस तेवढं ठरवण्यातच जातात.